इच्छापत्र जगण्याच्या शेवटाचे

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी कोमासदृश अवस्थेतल्या सहकारी अरुणा शानबाग यांची सुमारे ४२ वर्षे शुश्रूषा केली. शानबाग यांच्या दयामरणाची याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली, पण त्याच निकालाने निरर्थक उपचार थांबवण्याची वाट खुली केली. मारण्यासाठी इंजेक्शन देणे आजही गुन्हाच, आणि तो राहावा. मात्र बऱ्या न होणाऱ्या रुग्णाला त्याच्या मनाविरुद्ध व्हेंटिलेटरवर अडकवणे ही सेवा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे अशा उपचारांबाबत आधीच लिहून ठेवलेली इच्छा, मान्य केले आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे द्यावी. उपचार थांबवण्याच्या निर्णयाला दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. वेदनाशामक उपचार थांबत नाहीत.