छोटा हत्ती कधी बदलायचा?

आजचा विषय तसा साधा आहे. दारात दहा-बारा वर्षं चाललेला छोटा हत्ती किंवा ओम्नी उभी आहे आणि मनात नवी गाडी घोळते आहे. घ्यावी का? घ्यायची तर कोणती, आणि जुनीचं काय करायचं? अंबाजोगाईत हा प्रश्न हौसेचा नसतो. मोंढ्यातला माल, पहाटेचं दूध, दवाखान्याकडं जाणारी औषधं, बालाघाटातली सीताफळं आणि योगेश्वरीच्या उत्सवातली भाडी अशा कामांवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी गाडी म्हणजे दुकान. ते दुकान महिन्यातून चार दिवस बंद राहिलं तर चुलीपर्यंत फरक पडतो.

आधी जुनी गाडी नेमकी काय होती ते बघू. टाटा एस मे २००५ मध्ये आली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ही गाडी तीनचाकी टेम्पोवाल्याला चार चाकं परवडावीत म्हणून काढलेली होती. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि १६ अश्वशक्ती. पुढंमागं दोन्हीकडं पाटे. इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. त्यामुळं ती कुठल्याही मिस्त्रीच्या हाताखाली दुरुस्त व्हायची, आणि पाऊण टनासाठी काढलेल्या गाडीत लोकांनी दीड-दीड टन भरला तरी कण्हत का होईना, चालायची. हाच तिचा गुण आणि हाच तिचा घात. आज ज्या जुन्या गाड्यांचे पाटे बसलेत, चासीला तडे गेलेत, त्यातल्या बऱ्याच नुसत्या वयानं नाही, वजनानं म्हाताऱ्या झाल्या आहेत.

दुसरी मारुती ओम्नी. १९८४ पासून चालत आलेली, ७९६ सीसीची. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. सुरक्षेचे नवे नियम लागू होत होते आणि त्या जुन्या रचनेत ते बसवणं अवघड होतं. ओम्नीत पुढच्या काचेच्या मागं लगेच माणूस बसतो, मध्ये बॉनेट नाही. समोरून धडक झाली तर आधी पाय सापडतात. तिची जागा ईकोनं घेतली. ईकोला १.२ लिटरचं इंजिन आहे आणि तिची बंद मालवाहू आवृत्तीही मिळते. औषधं, बेकरीचा माल, कपडा असा पावसात भिजून चालणार नाही असा माल असेल तर उघड्या हौद्यापेक्षा बंद गाडी बरी.

आता नवीन गाडीत काय बदललं? सगळ्यात मोठा बदल एप्रिल २०२० चा, बीएस-६ चा. डिझेलमधलं गंधक बीएस-४ मध्ये दशलक्षात ५० भाग चालत होतं, ते १० वर आलं. इंधन किती आणि कधी सोडायचं हे आता संगणक ठरवतो, आणि धूर साफ करणारी यंत्रणा वेगळी बसते. फायदा असा की गाडी कमी धूर काढते आणि जपून चालवली तर तेलही कमी पिते. तोटाही समजून घ्या. सेन्सर बिघडला तर हातोडी-पान्यानं भागत नाही, स्कॅनर लागतो. भेसळीचं किंवा कॅनमधलं जुनं डिझेल या इंजिनाला सोसत नाही. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा किंमत विचारण्याआधी विचारा की जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठं आहे. अंबाजोगाईतच काम होणार की प्रत्येक वेळी लातूर गाठायचं? लातूरला जाण्यायेण्यात एक दिवस मोडतो, आणि तो दिवसही खर्चात धरायचा असतो.

इंधनाचे पर्याय आता चार आहेत. डिझेल, पेट्रोल, सीएनजी आणि वीज. जून २०२५ मध्ये आलेल्या एस प्रोमध्ये पेट्रोल, पेट्रोल-सीएनजी आणि वीज असे तिन्ही प्रकार आहेत, आणि ती ७५० किलो वाहते. २०२२ मध्ये आलेल्या एस ईव्हीची बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची आहे. कंपनी एका चार्जमध्ये १५४ किलोमीटर सांगते. हा आकडा चाचणीतला आहे. पूर्ण माल भरून परळीच्या बाजूनं चढ चढताना तो कमी होणारच. गावातल्या गावात ठरलेल्या दुकानांना माल टाकायचा, रात्री घरी चार्जिंग लावायचं, असं काम असेल तर विजेचा हिशोब बसू शकतो. उद्या बीडचं भाडं, परवा सोलापूरचं, असं असेल तर थांबा. सीएनजीचंही तसंच. पंप तुमच्या रोजच्या रस्त्यावर असेल तरच ती बचत खरी.

आता पैशाकडं येऊ. एक उदाहरण घेऊ. आकडे माझे, सोयीसाठी धरलेले. तुम्ही स्वतःचे घाला.

समजा गाडी महिन्याला २,००० किलोमीटर चालते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. जुनी गाडी लिटरला १४ किलोमीटर देते, म्हणजे तेलाला सुमारे १२,८५० रुपये. नवीन २० देते, म्हणजे ९,००० रुपये. तेलात वाचले ३,८५०. नव्या गाडीसाठी ४ लाखांचं कर्ज घेतलं, ११ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. हप्ता येतो साधारण १०,३४०. म्हणजे शोरूमवाला जेव्हा सांगतो की तेलाच्या बचतीतच हप्ता निघतो, तेव्हा इथं तरी तो निघत नाही. निम्मासुद्धा नाही.

मग उरलेलं कुठून येतं? खाड्यातून. जुनी गाडी महिन्यात चार दिवस गॅरेजात उभी राहते आणि तेल वजा जाता दिवसाला १,२०० रुपये सुटतात असं धरलं, तर ४,८०० रुपये बुडतात. दुरुस्तीत २,००० वाचतील. उलट नव्या गाडीचा विमा महिन्याला हजारभर जास्त पडेल. सगळं मिळून फायदा सुमारे ९,६५०. हप्त्याला अजून सातशे रुपये कमीच. पण हीच गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर चालत असेल तर नुसती तेलाची बचत ५,७८० च्या वर जाते आणि एकूण फायदा साडेअकरा हजारांच्या पुढं. तिथं हप्ता निघतो. आणि जो माणूस स्वतःच्या दुकानासाठी महिन्याला ८०० किलोमीटर गाडी फिरवतो, त्याची तेलाची बचत दीड हजारच. त्यानं इंजिनाचं काम करून घेतलं तर शहाणपणाचं.

यातून एक गोष्ट पक्की धरा. गाडी बदलायचा निर्णय तिचं वय देत नाही. रनिंग आणि खाडे देतात.

खरेदीच्या बाबतीत एक जमेची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ४ लाख असेल तर आधी ५ लाख १२ हजार पडायचे, आता ४ लाख ७२ हजार. तुमचं दुकान नियमित जीएसटीत असेल आणि गाडी धंद्याच्या मालासाठी असेल, तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळण्याची शक्यताही आपल्या कर सल्लागाराला विचारा. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही.

आता कायद्याच्या चार गोष्टी.

पहिली. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, असं बरेच जण मानतात. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचं जे बंधन ऐकू येतं, ते दिल्ली परिसराचं. आपल्याकडं खाजगी मालकीची गाडी पासिंगमध्ये पास होत असेल तर चालते. मात्र नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी पासिंग असतं, त्यानंतर दरवर्षी. आणि पंधरा वर्षांपुढं त्याची फी बरीच वाढते. ती चालू फी आपल्या एमएच-४४ च्या कार्यालयात विचारून हिशोबात धरा.

दुसरी. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानं परमिटची सक्ती नाही. आणि ७,५०० किलोच्या आतली मालगाडी चालवायला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते कायम केलं.

तिसरी. जादा माल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. पाऊण टनाच्या गाडीत दीड टन भरायची सवय असेल, तर नवी गाडी घेताना एक पायरी मोठी घ्या. छोटी घेऊन तिचे हाल करू नका.

चौथी सगळ्यात महत्त्वाची, जुनी गाडी विकताना. आपल्याकडं स्टॅम्पवर सही केली, पैसे मोजले, चावी दिली की झालं असं समजतात. तसं नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलं की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे, कायद्यानं तोच मालक. म्हणजे तुम्ही गाडी विकली, घेणाऱ्यानं नावावर केली नाही, विमा संपला आणि अपघात झाला, तर भरपाईचा दावा तुमच्या दारात येतो. माणूस जखमी झाला असेल तर ती रक्कम तुमच्या नव्या गाडीच्या किमतीपेक्षा मोठी असू शकते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नका. जुनं कर्ज फेडलेलं असेल तर बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा.

गाडी विकण्याच्या लायकीची नसेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि ठेवप्रमाणपत्र घ्या. नव्या मालवाहू गाडीच्या वाहनकरात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमात आहे, नोंदणी फीही माफ होते. नुसत्या भंगारवाल्याला दिलीत तर लोखंडाचे पैसे मिळतील, पण कागदावर गाडी जिवंतच राहील, तुमच्या नावावर.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे: "नवी घेण्यापेक्षा तीन-चार वर्षांची जुनी घेतली तर?"

चांगला पर्याय आहे, हप्ता निम्म्यावर येतो. फक्त चार गोष्टी बघा. चासीला वेल्डिंग केलंय का, हौद्याखालची लोखंडी पट्टी वाकलीय का, ऑनलाइन चलनं किती बाकी आहेत, आणि आरसीवर बोजा आहे का. आणि चालवून बघताना रिकामी चालवू नका. माल भरा, चढावर न्या. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली पळते.

शेवटी एवढंच सांगतो. आज घरी गेल्यावर एक वही करा. तीन महिने रोज लिहा, किती किलोमीटर, किती तेल, किती दुरुस्ती, किती खाडे. पाऊसकाळ आणि सुगी यात भाडं सारखं नसतं, म्हणून मंदीचा एखादा महिना त्यात धरा. मंदीच्या महिन्यातही हप्ता भरून घरखर्च भागत असेल तर बिनधास्त गाडी घ्या. फक्त सणासुदीच्या महिन्यातच भागत असेल, तर अजून एक वर्ष जुनीला सांभाळा.