एका दाढेच्या तीन फेऱ्या

संपादकांनी विषय दिला तो असा : डिजिटल तंत्रज्ञानाने दातांचे उपचार कसे बदलले. मुंबई-पुण्यातले दोन-चार मोठे दवाखाने पाहून हा लेख लिहिता आला असता. पण त्याच आठवड्यात ओळखीच्या एका दंतवैद्य बाईंचा फोन आला. "शनिवारी सूर्यमाळला शिबिर आहे. आरव्हीजी घेऊन चाललेय. येतेस?" मी लगेच हो म्हटलं. दातांचा डिजिटल एक्स-रे काढणारं हे नवं यंत्र शहरातल्या दवाखान्यात कसं चालतं हे थोडंफार ठाऊक होतं. घाट चढून गेल्यावर त्याचं काय होतं, ते बघायचं होतं.

लोकल कसाऱ्याला संपते. तिथून विहीगावच्या वळणांनी वर खोडाळा, आणि पुढे सूर्यमाळ. उन्हाळ्यातसुद्धा इथली हवा थंड असते, म्हणून चार पर्यटक येतात. बाकी हा मोखाडा तालुका ज्या बातम्यांमुळे महाराष्ट्राला माहीत आहे त्या कुपोषणाच्या, टँकरच्या आणि स्थलांतराच्या. मुंबईला पाणी देणारी वैतरणेची धरणं याच डोंगरांच्या कुशीत आहेत.

शाळेच्या व्हरांड्यात घडीची खुर्ची मांडली होती. शेजारी बाकावर लॅपटॉप, जुन्या कॅमेऱ्यासारखा दिसणारा हातातला एक्स-रे, आणि एका डबीत मऊ कापडात गुंडाळलेला सेन्सर. दिवसभर मी खरं तर त्या सेन्सरकडेच बघत होते. टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी चपटी वडी, कडा गोल केलेल्या, मागून शेपटीसारखी वायर. आत किरण पडला की उजळणारा एक थर, त्याखाली तो उजेड टिपणारी चिप. दाढेच्या आतल्या बाजूला हा सेन्सर धरायचा, बाहेरून एक्स-रे सोडायचा, तोही सेकंदाच्या लहानशा अंशापुरता. दोन-तीन सेकंदांत दाढ तिच्या मुळांसकट पडद्यावर येते.

पण वडी कडक आहे, वाकत नाही. लहान मुलाच्या जिभेखाली ती टोचते, मोठ्यांना ओकारी येते. सहावीतल्या एका मुलीने दोनदा तोंड मिटून घेतलं. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. सेन्सर आधी तिच्या तळहातावर ठेवला, वायर कुठे जाते ते दाखवलं. त्यावर नवं प्लास्टिकचं आवरण चढवलं आणि म्हणाल्या, "आता नाकाने श्वास घे आणि उजवा पाय वर उचलून धर. मी सांगेपर्यंत खाली ठेवायचा नाही." मुलीचं सगळं लक्ष पायाकडे गेलं. तेवढ्यात चित्र निघालं. ही युक्ती कुठल्याही यंत्राबरोबर येत नाही. लाखाच्या घरातला सेन्सर त्या दिवशी चालला तो या उचललेल्या पायामुळे, असं मला मनापासून वाटतं.

इथवर येण्याचा इतिहास थोडक्यात सांगते. रॉन्टगेनने 1895च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले. पुढच्या जानेवारीतच जर्मनीतल्या ओटो वॉल्कहॉफने स्वतःच्या दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी त्याला पंचवीस मिनिटं हलता आलं नाही. न्यू ऑर्लिन्सचा एडमंड केल्स हा या कामातल्या आद्य दंतवैद्यांपैकी एक. नळीचे किरण नीट पडतात का हे तो स्वतःचा हात मध्ये धरून तपासायचा. त्याची आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि 1928 साली त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे कित्येक दशकं फिल्म राहिली : अंधाऱ्या पेटीत डेव्हलपर, फिक्सर, चिमट्याला टांगून वाळवणं. फ्रान्सच्या फ्रान्सिस मुयेनचा सेन्सर 1987च्या सुमारास बाजारात आला. त्याचं 'रेडिओव्हिजिओग्राफी' हे लांबलचक नाव आपल्याकडे 'आरव्हीजी' होऊन रुळलं. फिल्मच्या मानाने किरण निम्म्याहून कमी लागतात. तरीही हे यंत्र वापरायला अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंद लागते, आणि डॉक्टरबाईंनी दिवसभर अंगावरचं शिशाचं एप्रन काढलं नाही. केल्सची गोष्ट त्यांनीच मला सांगितली.

दुपारी एक गृहस्थ आले. चाळिशीचे असतील. दर साल दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणारे. खालची दाढ महिनाभर ठणकत होती. लवंग झाली होती, तंबाखूची गोळी दाबून झाली होती, रिंगणीच्या बियांची धुरीही घेऊन झाली होती. धुरीने दातातली कीड बाहेर पडते हा समज फार जुना आहे आणि जगभर आहे. पियेर फोशारने 1728 साली आपल्या ग्रंथात तो खोडून काढला, तरी तो पुरता गेलेला नाही. डॉक्टरबाईंनी त्यावर वाद घातला नाही. चित्र काढलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "दादा, ही तुमची दाढ. हा पांढरा भाग धड आहे. हे काळं दिसतं ना, ती पोकळी. आणि मुळाच्या टोकाशी हा गोल डाग, तिथे पस आहे."

ते बराच वेळ बघत राहिले. मग बोट पुढे करून, पडद्याला न लावता, त्यांनी तो डाग दाखवला. "हीच दुखते."

डिजिटल तंत्राने केलेला सगळ्यात मोठा बदल मला तिथे दिसला. आजवर दुखणं रोग्याचं आणि त्याचं ज्ञान डॉक्टरचं, अशी वाटणी होती. फिल्म खिडकीकडे धरून डॉक्टर मान हलवायचा आणि रोग्याने विश्वास ठेवायचा. आता दोघं एकच चित्र एकाच वेळी बघतात.

चित्र बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वाचल का?"

"वाचेल. रूट कॅनाल करावं लागेल, वर कॅप."

"किती वेळा यायचं?"

डॉक्टरबाईंनी बोटांवर मोजलं. पस आहे, म्हणजे आधी साफ करून औषध भरायचं. मग मुळं भरायची. मग माप आणि कॅप. कमीत कमी तीन फेऱ्या, त्याही गावाबाहेरच्या. प्रत्येक फेरी म्हणजे एसटी, आणि एक दिवसाची मजुरी बुडालेली. ते म्हणाले, "काढूनच टाका, बाई."

दाढ काढली. वाचू शकणारी दाढ होती, हे पडद्यावर अजून दिसत होतं.

तेव्हापासून मी या सगळ्या तंत्राकडे एकाच मापाने बघते : यामुळे किती फेऱ्या वाचतात? तसं बघितलं की चकचकीत वाटणाऱ्या गोष्टींचं खरं मोल कळतं. मुळाची लांबी विजेच्या रोधावरून सांगणारं एपेक्स लोकेटर, निकेल-टायटॅनियमच्या लवचिक फाइली फिरवणारी मोटर आणि आरव्हीजी हे तिन्ही हाताशी असलं, तर पुष्कळशी रूट कॅनाल एकाच बैठकीत होतात. कवळीचं तर आणखीच स्पष्ट आहे. जुन्या रीतीने पहिलं माप, दुसरं माप, चाव्याची नोंद, मेणातली कवळी लावून बघणं आणि मग खरी कवळी, अशा पाच फेऱ्या. तोंडातलं माप स्कॅनरने घेतलं आणि कवळी संगणकावर बेतली तर त्या दोन-तीनवर येतात. शिवाय फाइल जपून ठेवता येते. भट्टीवर कवळी हरवली तर पुन्हा माप न देता दुसरी छापता येते. संगणकाने दात घडवण्याची कल्पना फ्रान्सच्या फ्रांस्वा द्युरेने 1973 साली आपल्या प्रबंधात मांडली. झुरिकमध्ये 1985 साली पहिल्या रोग्याला खुर्चीशेजारीच घडवलेलं भरण बसवलं गेलं. हे तंत्र आता आपल्याकडे परकं राहिलेलं नाही. कॅपा आणि दात सरळ करणारे पारदर्शक साचे संगणकाच्या मदतीने बनवणाऱ्या लक्ष्मी डेंटल या कंपनीचे कारखाने मीरा रोडला आणि बोईसरला आहेत. बोईसर पालघर जिल्ह्यात. सूर्यमाळही 1 ऑगस्ट 2014 पासून त्याच पालघर जिल्ह्यात.

अडचण ही की चित्र घाट चढून येतं, हात येत नाहीत. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून 2019 पासून आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरशी बोलता येतं, पण दाढ दूरवरून भरता येत नाही. सरकारी रचनेत दंतवैद्याचं पद ग्रामीण रुग्णालयाच्या पायरीवर येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसतं. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 मध्ये सुरू झाला. त्याचा भर जिल्हा रुग्णालयापासून खाली दातांचा विभाग सुसज्ज करण्यावर आहे. पण खुर्चीला दाबाची हवा लागते, पाणी लागतं, हत्यारं निर्जंतुक करायला वीज लागते. त्या शनिवारी दुपारी दोनदा वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालला, कॉम्प्रेसर बसला. दिसत सगळं होतं, करता काही येत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी शिबिराआधी शिक्षकांकडून मुलांच्या दातांचे फोटो मोबाइलवर मागवले होते. कोणाला आधी बघायचं हे त्यावरून ठरलं, वेळ वाचला. पण फोटोवर त्या पुरता विश्वास ठेवत नाहीत. मिश्रीचा काळा थर आणि किडीचा काळा खड्डा फोटोत सारखेच दिसतात. तंबाखूने गालाच्या आत उठलेला पांढरा चट्टा तर गाल बोटाने ओढल्याशिवाय दिसतच नाही, आणि कॅन्सर तिथून सुरू होऊ शकतो. मोठ्या माणसांचे गाल त्या एकेक करून ओढून बघत होत्या.

मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दातांना त्यांनी शेवटी एका बाटलीतलं औषध बारीक कुंचल्याने लावलं. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. मिनिटभराचं काम. दुखत नाही, ड्रिल नाही, वीज नाही. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, पण पुष्कळदा कीड तिथेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्या दिवशी सर्वांत जास्त दात वाचवले ते या बाटलीने. मोबाइलने फक्त कुठल्या मुलाला ती लागणार हे आधी सांगितलं. दोघांनी मिळून केलेलं हे काम मला सर्वांत शहाणपणाचं वाटलं.

परतताना मी विचारलं, पुढचं शिबिर कधी? त्या म्हणाल्या, फेब्रुवारीत, दंत महाविद्यालयाच्या सोयीने. फेब्रुवारीत सूर्यमाळला घरात असतात ती म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेतली मुलं. हातीपायी धड असलेली माणसं तेव्हा भट्टीवर असतात.

म्हणून ठाणे, नाशिक, मुंबईच्या दंत महाविद्यालयांना आणि दंतवैद्यांना एवढीच विनंती. सेन्सर आणा, मोटर आणा, एका बैठकीत रूट कॅनाल करणारे हात आणा, सोबत जनरेटर आणा. आणि तारीख आपल्या सोयीने धरू नका. एक शिबिर दिवाळीआधी ठेवा, माणसं भट्टीवर निघण्यापूर्वी. दुसरं होळीला ठेवा, तेव्हा ती सणासाठी घरी आलेली असतात.