निळा धूर टर्बोचा की इंजिनाचा?

उसाचे बिल बँकेत जमा झाले की आपल्यापैकी बऱ्याच जणांना गाडीची आठवण होते. हंगामभर तोडीच्या धुरळ्यातून, पाणंदीच्या खड्ड्यांतून ती पळालेली असते आणि कुठेतरी कुरकुरत असते. इतर कुरकुरी चालवून घेता येतात. पण सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो. कारण हा धूर डिझेलचा नसतो, ऑइलचा असतो. आणि गाडी टर्बोची असली की गॅरेजमधले पहिले वाक्य ठरलेले असते, "टर्बो गेला."

आमच्या भावकीतल्या एका सभासदाचे असेच झाले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. गाडी दहा वर्षांची, डिझेलची. कारखान्याच्या गेटाबाहेर ट्रॉल्यांच्या रांगेमागे पंधरा-वीस मिनिटे चालू स्थितीत उभी राहिली आणि मग ॲक्सिलरेटर दाबला, की मागच्या मोटारसायकलवाल्याला नाक धरावे लागे एवढा निळा लोट. मिस्त्री म्हणाला, "आबा, टर्बोचं सील गेलंय. नवाच टाकू." खोडव्याच्या बिलातला मोठा घास त्यात गेला. तीन आठवडे झाले नाहीत तोच पुन्हा तोच लोट. आता मिस्त्री म्हणू लागला, "मग इंजिनच खोलावं लागंल."

इथे आबांना तसेच उभे ठेवून टर्बो म्हणजे काय ते पाहू.

आपल्या कारखान्याचे टर्बाईन हाऊस बऱ्याच सभासदांनी पाहिलेले आहे. बगॅसवर बॉयलर पेटतो, वाफ पात्यांवर आदळते, चाक फिरते. टर्बोतही तेच, फक्त वाफेच्या जागी इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर. त्या धुराने एक छोटे चाक फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याच्या या युक्तीचे पेटंट स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच घेतले होते. गाडीच्या टर्बोचा दांडा बोटाहून बारीक, पण भरात असताना मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. एवढ्या वेगात बहुतेक टर्बोंत तो साध्या बुशात, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे ऑइल इंजिनाच्या पंपाकडून दाबाने येते. परत जाते ते मात्र दाबाने नव्हे, आपल्या वजनाने, खालच्या नळीतून चेंबरमध्ये.

आणि ज्याला सील सील म्हणतात ते काही रबराचे नसते. पिस्टनच्या रिंगसारखी एक बारीक कडी असते. वाहते ऑइल ती अडवते, तुंबलेले अडवू शकत नाही. रानाच्या खालच्या अंगाचा चर गाळाने भरला तर सरीत पाणी उभे राहते आणि बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात शिरते. आपण बांधाला नावे ठेवतो, खरा तुंबलेला असतो तो चर. टर्बोचेही नेमके तसेच आहे. परतीची नळी जळक्या ऑइलच्या खपल्यांनी अरुंद झाली, बसवताना पॅकिंगला लावलेला जादा लेप आत शिरला, चेंबरमध्ये ऑइल खुणेच्या वर भरले, किंवा ब्रीदर बंद होऊन इंजिनाच्या पोटात हवा कोंडली, यांतले काहीही झाले तरी ऑइल खाली उतरत नाही. ते टर्बोच्या दोन्ही अंगांनी बाहेर पडते आणि सायलेन्सरमधून निळे होऊन निघते. अशा गाडीला नवा टर्बो लावला तर तोही धूरच सोडणार.

आबांच्या गाडीत हेच निघाले. शेवटी त्यांनी डिझेल पंपांवर हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या फिटरला बोलावले. त्याने टर्बोला हात न लावता आधी ऑइलची पट्टी पाहिली, मग ब्रीदरची नळी काढून फुंकली. फुंकर पलीकडे जाईना. परतीच्या नळीत करंगळी जाईल एवढीही वाट राहिली नव्हती. दोन्ही साफ केल्या, तरी पहिले दोन दिवस धूर येतच होता आणि आबा पुन्हा हवालदिल. पण ते इंटरकूलरमध्ये व सायलेन्सरमध्ये आधीच साचलेले ऑइल होते. इंटरकूलर काढून धुतला, बाकीचे जळून गेले, मग थांबला.

तेव्हा गाडी गॅरेजला नेण्याआधी मालकाने स्वतः काय पाहावे? प्रथम रंग. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते; फिल्टर चोंदला असेल किंवा टर्बोचा होज फाटला, निसटला असेल. पांढरा म्हणजे थंडीतले न जळलेले डिझेल, नाहीतर आत शिरलेले पाणी. रेडिएटरचे पाणी कमी होते का बघा. निळसर, जळक्या तेलाचा वास असलेला आणि हवेत रेंगाळणारा धूर ऑइलचा.

मग धुराची वेळ ध्यानात ठेवावी. मिस्त्रीला ती तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताच एक भपका निघून धूर थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. पेट्रोल गाडीने घाट उतरल्यावर पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दिला की भपका, तोही बहुधा व्हॉल्व्ह गाईडचा. भार घेऊन चढताना सतत धूर आणि ब्रीदरमधूनही भकभक, म्हणजे रिंगा झिजल्या; आपले मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. बराच वेळ न्यूट्रलला उभी राहून मग रेस दिल्यावर लोट येत असेल तर टर्बो किंवा त्याची परतीची वाट. मात्र व्हॉल्व्ह सीलही कधी अशीच लक्षणे दाखवतात, म्हणून नुसत्या वेळेवर निकाल देऊ नये.

निकाल लावणारी तपासणी एक आहे आणि ती मिस्त्रीकडून तुमच्यासमोर करून घ्यावी. गार गाडीचा टर्बो सैल करून धूर येण्याची बाजू आणि धूर जाण्याची बाजू, दोन्ही पाहायच्या. इंजिनाकडून येणारा मॅनिफोल्ड कोरडा आणि टर्बोच्या पुढचा पाईप ओला, तर ऑइल टर्बोतून येते. मॅनिफोल्डच ओला असेल तर ऑइल आधीच सिलिंडरमधून आले आहे. पण हवेच्या बाजूचा टर्बोही ओला असेल तर तिथून ऑइल सिलिंडरमध्ये जाऊन मॅनिफोल्ड भिजू शकतो, हे विसरू नये. हवेच्या पाईपात ऑइलचा नुसता ओशटपणा असणे साहजिक आहे. थारोळे साचणे नव्हे. दांडा बोटाने हलवला तर बाजूने किंचित हलतो, त्याला घाबरू नये. आतबाहेर खेळ जाणवला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो खरेच गेला. आणि तो का गेला हे विचारल्याशिवाय नवा बसवू देऊ नये. बहुतेकदा उत्तर घाण ऑइल किंवा ऑइलची उपासमार हेच निघते.

एअर फिल्टरची गोष्ट आपल्या भागात वेगळी सांगायला हवी. फिल्टर धुळीने चोंदला की टर्बो हवा ओढण्यासाठी जोर करतो आणि हवा मिळाली नाही तर बुशातले ऑइल ओढतो. तोडीच्या दिवसांत पुस्तकातल्या किलोमीटरवर विसंबून चालत नाही.

एक धोका मात्र हसण्यावारी नेऊ नये. हवेच्या वाटेने फार ऑइल शिरले तर डिझेल इंजिन तेच पिऊन पळू लागते. किल्ली बंद केली तरी थांबत नाही, कारण किल्लीने डिझेल बंद होते, ऑइल नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक गच्च दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा, इंजिन दबून बंद पडते. ते जमले नाही तर माणसांसह दूर व्हावे. पळत्या इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी हात नेऊ नये.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. त्या नियमाच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, त्यामुळे थोडा धूर डोळ्यांना दिसतच नाही. तिथे पट्टीच बोलते. सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पाहावी आणि वहीत किलोमीटरसह लिहावी. ऑइल कमी होते तसे काही गाड्यांत वाढतेही. ते डिझेल मिसळल्याने होते आणि तेही वाईट.

आबांनी काढलेला जुना टर्बो गॅरेजमध्येच सोडला होता, त्यामुळे तो खरेच खराब होता की नाही हे आता कळायचे नाही. तुम्ही मात्र काढलेला सुटा भाग मागून घ्या आणि दांडा हाताने फिरवून पाहा.