कलगी आणि तुरा : वादातील मर्यादा

बऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत तुकईथड नावाचे गाव आहे. अकोला-खंडवा मीटरगेज मार्गावरील एक स्थानक म्हणून ते जुन्या प्रवाशांच्या स्मरणात असेल. ती छोटी गाडी २०१७ साली बंद झाली. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, त्यातील ‘थड’ हा शब्द मराठी कानाला लगेच ओळखू येतो. ऐलथड आणि पैलथड. नदीला दोन थडी असतात, आणि दोहोंच्या आधारानेच तिचे पाणी वाहते.

हा विचार मनात येण्याचे कारण वेगळे आहे. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या समाजात छंदापायी एकत्र येणारी मंडळे पुष्कळ : कुठे भजनी मंडळ, कुठे हौशी नाट्यसंस्था, कुठे एका कपाटात मावणारे वाचनालय. यांतील कोणालाही त्यातून द्रव्य मिळवायचे नसते. तरीही भांडणे होतात, आणि ती फार कडवट होतात. अभंग जुन्याच चालीवर म्हणावा की नव्या चालीस वाव द्यावा, गणेशोत्सवात संगीत नाटक करावे की सामाजिक, पेटी कोणी वाजवावी, अशा प्रश्नांवरून वर्षानुवर्षांचे स्नेही एकमेकांच्या दारी जाणे सोडतात. पुण्या-मुंबईत एक मंडळ फुटले तर त्याची दोन होतात. दहा-बारा मराठी घरांच्या गावी मात्र मंडळ फुटले, की एकही उरत नाही. आणि त्याबरोबर मुलांच्या कानी चार घरांबाहेरची मराठी पडण्याचे एक ठिकाणही नाहीसे होते.

मग मतभेद टाळावेत काय? ज्या निमाडात तुकईथड वसले आहे, त्याच निमाडातील एक जुनी लोककला या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देते. ती कला म्हणजे कलगी-तुरा. महाराष्ट्राच्या शाहिरीत ती डफ-तुणतुण्यावर रंगली, निमाडात चंगाच्या तालावर, कोकणात शक्ती-तुरा या नावाने जाखडी नाचाबरोबर, तर राजस्थानातील मेवाडात तिने ‘तुर्रा-कलंगी’ या लोकनाट्याचे रूप घेतले. दोन पक्ष समोरासमोर बसतात. तुरेवाले शिवाचे, म्हणजे पुरुषतत्त्वाचे श्रेष्ठत्व गातात. कलगीवाले शक्तीचे, म्हणजे प्रकृतीचे. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जबाब द्यावा, आणि असे करता करता रात्र सरावी.

तिच्या उगमाची दंतकथा मध्य प्रदेशातील चंदेरीची आहे. तुकनगीर नावाचे शिवभक्त गोसावी आणि शाह अली नावाचे फकीर यांच्यात काव्याचा सामना झाला. एक शिवाची बाजू मांडी, दुसरा शक्तीची. राजा दोघांवरही इतका प्रसन्न झाला की त्याने एकाला आपला तुरा व दुसऱ्याला आपली कलगी दिली. कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यातील मर्म खरे आहे. राजाने कोणाला पराभूत ठरविले नाही. आणि दोघांना मिळालेले अलंकार मुळात एकाच पगडीवरचे होते.

शिव थोर की शक्ती, हा वाद कोणीही कायमचा जिंकू शकत नाही. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चे पहिलेच प्रकरण शिव आणि शक्ती यांच्या अभिन्नतेचे आहे. हे शाहिरांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही ते हिरीरीने भांडत, कारण विरुद्ध पक्षामुळेच आपल्या पक्षाची बुद्धी तेज होते हेही त्यांना ठाऊक होते. समोर जबाब देणारा नसेल, तर सवालाला अर्थच राहत नाही.

या कलेची एक शिस्त विशेष मननीय आहे. सवाल ज्या चालीत आणि ज्या यमकात आला, त्याच चालीत व यमकात जबाब द्यावा, असा अनेक आखाड्यांचा दंडक. याचा अर्थ असा की प्रतिपक्षाचे गाणे शेवटच्या शब्दापर्यंत नीट ऐकल्यावाचून तोंड उघडण्याची सोयच नाही. आपल्या बैठकांत मात्र समोरचा बोलत असताना आपण त्याचे ऐकत नसतो, आपले उत्तर जुळवीत असतो.

मराठी शाहिरीच्या जगात माणसेही किती भिन्न होती! होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा कारंजकर शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, रामजोशी सोलापूरचे ब्राह्मण. अशा समाजात जातीवरून किंवा घराण्यावरून टोमणे मारणे किती सोपे होते! परंतु रसिकांच्या स्मरणात राहिली ती त्यांची कवने.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कलगी-तुऱ्याचे सर्वच सामने सभ्य नव्हते. कित्येकदा सवाल तत्त्वावरून व्यक्तीवर घसरले, शिवराळ झाले. अशी तक्रार आजच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांविषयीही ऐकू येते. म्हणजे सभ्यता ही त्या कलेला आपोआप लाभलेली देणगी नव्हे. ती उस्तादांना आणि जाणत्या श्रोत्यांना प्रत्येक बैठकीत राखावी लागते. श्रोत्यांनी घसरलेल्या सवालाला हसून दाद दिली, की पुढचा सवाल अधिकच घसरतो. भांडण दोघांचे असले, तरी त्याची पातळी बहुधा पाहणारे ठरवितात. आपल्या मंडळांतील जे सभासद ‘आम्ही कशातच नाही’ असे म्हणून गंमत पाहत बसतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

घरगुती मंडळांना यातून थोडे तरी घेता येईल. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत एकदा बोलून दाखवावे. चालीवर टीका करावी, गळ्यावर करू नये. नाटकाच्या निवडीवर बोलावे, निवडणाऱ्याच्या हेतूवर बोलू नये. पैशाचा हिशेब लेखी ठेवावा, म्हणजे रागाच्या भरात त्याचे शस्त्र होत नाही. रुसून गेलेल्याची जागा काही काळ मोकळी ठेवावी, आणि त्याला बोलावण्यास त्याच्याशी वाद घातलेल्यानेच जावे. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. मोठेपणा लागतो तो इथेच.

मतभेद संपले की मंडळ सुखी होईल, ही समजूत चुकीची आहे. ज्या मंडळात कोणीच कोणाला हरकत घेत नाही, तिथे बहुधा कोणाला काही वाटेनासे झालेले असते. चालीवरून दोन म्हातारे हमरीतुमरीवर येतात, याचा अर्थ ती चाल अजून दोघांच्या जिव्हाळ्याची आहे. फक्त भजन संपल्यावर चहाचा पेला त्यांनी एकमेकांच्या हाती दिला पाहिजे. पुढच्या शनिवारी पुन्हा वाद घालायला दोघेही यायला हवेत.