शून्य लांबीचे नाव

लिनक्सवर चालणारा संगणक वीज गेल्याने मध्येच बंद पडला, की पुन्हा सुरू होताना कधी कधी पडद्यावर प्रश्न उमटतात : अमुक नोंद बिघडली आहे, दुरुस्त करू? विचारणाऱ्या प्रोग्रामचे नाव ई२एफएससीके. ईएक्सटी४ पद्धतीने मांडलेली डिस्क तपासून सावरणे हे त्याचे काम. बाकीचे प्रोग्राम डिस्कवर विश्वास ठेवून चालतात. याची खरी गरज पडते ती विश्वास उडाल्यावर.

डिरेक्टरीतली एक नोंद घ्या. सुरुवातीला आठ बाइट : चार इनोडच्या (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीच्या) क्रमांकाचे, दोन नोंदीच्या एकूण लांबीचे, एक नावाच्या लांबीचा, एक फाइलच्या प्रकाराचा. पुढे नाव, जास्तीत जास्त २५५ बाइट. पुढची नोंद कुठे सुरू होते हे नोंदीच्या एकूण लांबीवरूनच कळते. हा आकडा खोटा निघाला तर वाचणारा भलत्याच जागी पोहोचतो, आणि हा प्रोग्राम ज्या सी भाषेत लिहिला आहे ती त्याला अडवत नाही. नांगर शेजाऱ्याच्या शेतात शिरला तरी बैल चालतच राहतात. बांध प्रोग्रामरनेच घालायचा असतो.

२०१९ मध्ये सिस्को कंपनीच्या टालोस या सुरक्षा गटाच्या संशोधकांना अशी एक बांध नसलेली जागा सापडली. सीव्हीई-२०१९-५१८८ या क्रमांकाने तो दोष नोंदला गेला.

ई२एफएससीके पाच फेऱ्यांत काम करतो. तिसरीनंतरच्या ‘३अ’ टप्प्यात डिरेक्टऱ्यांची अनुक्रमणिका नव्याने रचली जाते. एकाच नावाच्या दोन नोंदी आढळल्या तर एकीच्या नावाचा शेवट थोडा बदलला जातो. आता नावाची लांबीच शून्य असेल तर? शेवटचे अक्षरच नाही, त्यामुळे हिशेब राखीव जागेबाहेर जातो आणि भलत्याच स्मृतीत लेखन होते. मुद्दाम घडवलेली डिस्क देऊन याचा गैरवापर करता आला असता, आणि दुरुस्तीचा प्रोग्राम सहसा रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालतो.

पण इतकी उघड तपासणी राहिली कशी? दुरुस्तीसोबतचे टिपण याचे उत्तर देते, आणि मला ते दुरुस्तीइतकेच मोलाचे वाटते. या टप्प्यापर्यंत सगळ्या डिरेक्टऱ्या नीट झालेल्या असायला हव्यात, निदान तत्त्वतः. मात्र वापरणाऱ्याने एखाद्या प्रश्नाला ‘नको’ म्हटले असेल, तर बिघाड तसाच पुढे येऊ शकतो. म्हणजे आधीची फेरी काम पुरे करते हे गृहीतक सगळ्यांच्या मनात होते, कोडमध्ये मात्र नव्हते. १.४५.५ या आवृत्तीपासून बिघडलेला डिरेक्टरी ब्लॉक दिसला की अनुक्रमणिकेचे काम तिथेच थांबते.

तीन वर्षांनी, २०२२ मध्ये, पुन्हा शून्यच आडवे आले. फाइलचे सलग ब्लॉक नोंदवणाऱ्या एक्स्टेंट झाडाच्या एका पानात एकही एक्स्टेंट नसेल, तर झाड चढणारा कोड चुकीची स्मृती वाचू शकत होता. वरची मर्यादा तपासायची सवय असते, खालची निसटते. तपासण्या घातल्या गेल्या, आणि या दुरुस्तीच्या टिपणात एक प्रांजळ ओळही आली : असा बिघाड पहिल्या फेरीत ओळखून दुरुस्त करणे ई२एफएससीकेला अजून जमत नाही.