फोटो कोणाचा, पावसाळा कोणाचा

महाड-पोलादपूरकडच्या फोटोग्राफरला भाव विचारला की उत्तर दिवसाच्या हिशेबात येतं. लग्नाचा दिवस इतका, आदल्या दिवशीची हळद धरली तर तितका, ड्रोन लावायचा तर वर आणखी. गवंड्याची हजेरी ठरते तशीच ही ठरते, आणि स्वतंत्र काम करणाऱ्या फोटोग्राफरची बरीचशी ओढाताण याच सवयीतून येते. कारण तो त्या दिवशी हजर राहतो, फोटोवरचा हक्क देऊन टाकतो आणि पुढे कित्येक वर्षं ते फोटो सांभाळतोही. पैसे मात्र फक्त हजर राहण्याचे मिळतात.

आधी दिवसांचंच पाहू. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की थांबतात. इथे तर पाऊस एकादशीचीही वाट पाहत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात मृग लागला की मांडव उतरतात. मुंबईकर चाकरमान्यांची रजा मे महिन्यातली, त्यामुळे लग्नंही मे महिन्यातच दाटतात. एका मुहूर्तावर वाड्यावाड्यांतून चार-पाच लग्नं असली तरी एका माणसाला एकच करता येतं. ऐन वेळी लग्न पुढे गेलं तर ती तारीख दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, ती नासलीच. मग येतात ते चार महिने, जेव्हा दुकानाचं भाडं आणि कॅमेऱ्याचा हप्ता थांबत नाही आणि हवेतल्या ओलीने लेन्सला बुरशी धरते. थोडक्यात, मे महिन्यातल्या एका दिवसाच्या दरात जुलैतला रिकामा आठवडाही बसवावा लागतो. गिऱ्हाईक पाहतं ते फक्त सहा तासांचं काम, आणि दर ऐकून भुवया उंचावतं.

पावसाळ्याची ही खोट भरून काढते ती महाडची औद्योगिक वसाहत, निदान तसं मानलं जातं. कारखान्यांचं कॅलेंडर मुहूर्तावर चालत नाही. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, मग मॉक ड्रिल, खंडेनवमीची यंत्रपूजा, गावातल्या शाळेला दिलेल्या बाकांचं वाटप. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि खर्च झाला हे दाखवायला फोटो लागतातच. हे काम दिसतं तितकं हलकं नाही. वसाहतीत रसायनांचे कारखाने बरेच. गेटपास, हेल्मेट, सेफ्टी शूज तर आलेच. शिवाय जिथे ज्वालाग्राही वाफा असू शकतात तिथे फ्लॅश आणि मोबाइल बाहेर ठेवावे लागतात. असेल त्या उजेडात, एकदाच घडणारी गोष्ट टिपायची. तो फोटो पुढे वार्षिक अहवालात, वेबसाइटवर, गेटवरच्या फलकावर वर्षानुवर्षं वापरला जातो. फोटोग्राफरच्या पदरात पडते ती एका दिवसाची हजेरी, आणि तीही बहुधा ‘बिल अकाउंट्सला पाठवलंय’ या वाक्यानंतर दोन-तीन महिन्यांनी.

इथे अनेक फोटोग्राफर म्हणतात, फोटो मी काढला म्हणजे माझाच. कायदा त्यांच्या बाजूने नाही. कॉपीराइट कायदा १९५७ फोटो काढणाऱ्याला कर्ता मानतो खरा. पण कलम १७ नुसार पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. सगळी मेख ‘उलट काही ठरलेलं नसेल’ या शब्दांत आहे. ठरवणं हातात आहे, फक्त कोणी ठरवत नाही. थकलेल्या बिलाचंही तसंच. उद्यम नोंदणी केलेला फोटोग्राफर २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याखाली येतो. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणीला फी नाही. मोठ्या कंपनीशी भांडायला कोणी जाऊ नये हे मान्य, पण बिलावर उद्यम क्रमांक छापण्याला भांडण म्हणत नाहीत.

यावर पहिला आक्षेप गावातूनच येईल. सगळे ओळखीचे, कुठल्या तोंडाने कागद पुढे करायचा? ज्या समाजात लग्न ठरताना मांडव कोणाचा, जेवण कोणाचं, मानपान किती याची यादी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर लिहिली जाते, त्याला कागदाचं वावडं असेल असं वाटत नाही. त्याच यादीच्या पाठीमागे चार ओळी वाढतील: इसार किती, तारीख पुढे गेली तर काय, अल्बम कधी, फोटो किती वर्षं ठेवायचे. दुसरा आक्षेप मोबाइलचा, आणि तो अर्धा खरा आहे. हळदीची धमाल आता भाच्या-पुतण्यांच्या रीलमध्येच जास्त रंगते. पण मंगलाष्टकांची अक्षता पडताना मामाचा फोन चार्जिंगला लावलेला असला तर जाब कोणाला विचारणार? पैसे दिले जातात ते या जाब विचारण्याच्या सोयीचे. तिसरा आक्षेप सगळ्यात जड: हजेरी, हक्क आणि सांभाळणं असा दर फोडून मांडला तर माणगाव किंवा खेडचा पोरगा कमी पैशांत काम घेऊन जाईल. काही कामं जातीलही. मात्र हजेरी आणि वापराचा हक्क वेगळे केले तर हजेरीचा आकडा उलट खाली आणता येतो, आणि घरगुती बारशाला कारखान्याच्या अहवालाचा भाव सांगावा लागत नाही.

राहिला सांभाळण्याचा प्रश्न, आणि तो या गावांना इतरांपेक्षा जास्त लागू आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. अशा पुरानंतर घराघरांतले अल्बम चिखलाचे गोळे होतात, आणि लोक साहजिकच फोटोग्राफरकडे येतात: तुमच्याकडे असतीलच ना? असतीलच, हे गृहीत. ते ठेवण्याचे पैसे कोणी दिलेले नसतात, आणि त्याची हार्ड डिस्कही त्याच बाजारपेठेत, तळमजल्यावर असते. एक प्रत माळ्यावर, एक पुण्याला किंवा क्लाउडवर ठेवायची तर दर वर्षी खर्च आहे. तो आज एकतर फोटोग्राफर निमूट सोसतो किंवा दोन वर्षांनी डेटा पुसून टाकतो. २० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. त्या दिवशी महाडात हजारो कॅमेरे असतील आणि इथल्या फोटोग्राफरांना संस्था, पक्ष, मंडळं अशा सगळ्यांकडून दिवसाच्या भावाने ऑर्डरी येतील. ते फोटो पुढे कोणाच्या नावावर आणि कुठल्या डिस्कवर राहणार, हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्यावं लागेल. २१ मार्चला विचारलं तर कायद्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे.