जुने जपानी घड्याळ ‘नवे’ करण्याआधी

कापडाच्या धंद्यात ‘फ्रेश’ आणि ‘सेकंड’ हे दोन शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. ताक्यात डाग पडला, धागा सुटला की तो माल सेकंडच्या भावाने जातो आणि गिऱ्हाईकही तो पाहून घेते. फ्रेशच्या भावात सेकंड खपवणारा दुकानदार आहे, नाही असे नाही, पण बाजारात त्याचे नाव फार दिवस टिकत नाही. जुन्या घड्याळांच्या धंद्यात मात्र ही रीत अजून नीट बसलेली नाही. त्याचा फटका गिऱ्हाइकाला बसतो तसा कारागिरालाही बसतो. मला तो माझ्याच मनगटावर बसला, म्हणून कापडवाला असून आज घड्याळावर लिहीत आहे.

१९८६ साली माझे थोरले बंधू आखातातून रजेवर आले. अत्तर आणि टेपरेकॉर्डरबरोबर त्यांनी माझ्यासाठी सेइकोचे पाणबुड्यांचे घड्याळ आणले होते. काळी डायल, बाहेरून फिरणारे कडे, आणि चावी तीनच्या जागी नव्हे तर चारच्या आकड्याशी, तीही आटे पाडून बसवलेली. त्या काळी पिंपरीत शिफ्ट सुटली की कामगारांच्या मनगटावर एच.एम.टी. दिसे. तेही अर्धे जपानीच म्हणायचे, कारण एच.एम.टी.ने बंगळूरला घड्याळे सुरू केली ती १९६१ साली, सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. पण माझ्या घड्याळाचा रुबाब वेगळा होता.

दहा वर्षांत डायलवर दमटपणाचे डाग पडले. लग्न ठरले होते. मी ते एका दुकानात दिले आणि स्वतःच्या तोंडाने म्हणालो, ‘एकदम नवे करून द्या.’ घडीसाजाने तसेच केले. डबी पॉलिश करून आरशासारखी झाली आणि काळ्याच्या जागी नारिंगी डायल आली. लग्नात सर्वांनी वाहवा केली.

दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यातला तरुण इंजिनिअर शर्टपीस घ्यायला आला. माप सांगता सांगता त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. घड्याळ मागून घेतले, उलटे करून पाठीवरचे आकडे वाचले आणि म्हणाला, ‘चाचा, मशीन असली आहे, डबी असली आहे. डायल रंगवलेली आहे. जुनी कुठे गेली?’ कुठे जाणार? त्याच पत्र्यावरचा रंग खरवडून वर नवा चढवला होता.

या मुलाकडे अशी बरीच घड्याळे आहेत. त्याच्याकडून मी जे शिकलो ते आपल्या घडीसाज आणि जुना माल विकणाऱ्या बांधवांच्या कामाचे आहे.

सेइकोने पहिले पाणबुडी घड्याळ १९६५ साली काढले, १५० मीटर खोलीसाठी. जपानच्या अंटार्क्टिक मोहिमेतील माणसांनी तेच वापरले. १९६८ साली हिरोशिमाजवळच्या कुरे गावातून एका पाणबुड्याचे पत्र कंपनीला आले, की आम्ही जितक्या खोल उतरतो तिथे तुमचे घड्याळ टिकत नाही. कंपनीने तक्रार फाईलला लावली नाही. सात वर्षे खपून १९७५ साली टायटॅनियमच्या डबीचे, ६०० मीटरचे घड्याळ काढले. एका गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर सात वर्षे! आपल्यात उसवलेली शिवण दाखवली तरी दुकानदाराचे तोंड वाकडे होते.

माझे घड्याळ ६३०९ मशीनचे. हे पाणबुडी मॉडेल १९७६ ते १९८८ या काळात निघाले. त्याला चावी द्यावी लागत नाही, किंबहुना देताच येत नाही. हात हलला की ते चालते. आता ओळख कशी करायची ते सांगतो. पाठीवर दोन आकडे असतात. पहिल्यातले आधीचे चार अंक मशीनचे, नंतरचे चार डबीचे. दुसरा आकडा त्या नगाचा. त्यातला पहिला अंक सालाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला इंग्रजी एन, डिसेंबरला डी. माझा आकडा पाच आणि एनने सुरू होतो, म्हणजे नोव्हेंबर १९८५. डायलच्या तळाशीही, सहाच्या खाली, बारीक अक्षरांत नंबर असतो. त्यातले मशीनचे अंक पाठीशी जुळले पाहिजेत. रंगवलेल्या डायलवर तो बहुधा नसतो, किंवा अक्षरे जाड आणि वेडीवाकडी असतात.

जगभरचे शौकीन आपल्याकडच्या अशा रंगीबेरंगी डायलच्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ही तारीफ नव्हे. हे नाव ऐकून मला राग आला, कारण रंग देणाऱ्याचा हात बारीक असतो, काम सोपे नाही. आणि त्याने फसवलेच असेही नाही; माझ्या बाबतीत तर मीच सांगितले होते. त्या काळी घड्याळ म्हणजे वापरायची वस्तू, जुने दिसले की रंगवायचे. खोट पुढे होते, जेव्हा तेच घड्याळ तीन हात बदलून मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून मांडले जाते.

शौकीन माणूस डागाळलेली पण मूळची डायल पसंत करतो, चकचकीत रंगवलेली नाही. घासून धार गेलेली डबी त्याला नको असते. म्हणजे ज्या कामाची आपण मजुरी घेतो त्याच कामाने मालाची किंमत उतरते. गिऱ्हाईक ‘नवे करा’ म्हणाले तर आधी विचारावे, घालायचे आहे की पुढे विकायचे आहे? डायल बदललीच तर जुनी पुडीत बांधून परत द्यावी. बिलावर दोन ओळी लिहाव्यात: काय बदलले, काय मूळचे आहे. आमच्या धंद्यात सेकंड म्हणून लिहून दिलेला मालही विकला जातो, त्यात कमीपणा नाही.

पाण्याचे काम मात्र जरूर करावे. रबरी रिंगा वर्षांनी कडक होतात, मग डबीवर १५० मीटर लिहिलेले असले तरी नळाखालीही भरवसा नाही. रिंग बदलून, दाबाखाली गळती तपासून दिली तर त्याची मजुरी हक्काची आहे आणि घड्याळाचे मोलही जात नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत रबरी सील आणि गळतीची तपासणी ही रोजची कामे. तिथून सुट्टीच्या दिवशी हाताशी बसायला तयार होणारी पोरे आपल्याच मोहल्ल्यात आहेत. घडीसाजांची मुले बापाच्या ठेल्यावर बसायला तयार नसताना हा विचार करायला हरकत नाही.

त्या इंजिनिअरने मला जुनी काळी डायल शोधून देतो म्हटले आहे. दुसऱ्या कुठल्या घड्याळातून काढलेली असेल, तेव्हा ती बसवली तरी बिलावर तसे लिहावे लागेल. तूर्त घड्याळ नारिंगीच आहे. मागच्या ईदला बंधूंनी ते हातात घेतले, चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘मी तर काळे आणले होते.’